गोचिडाच्या पोटात

गोचीड मेला की नाही, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गाईच्या अंगावरून गळून पडली की तशीही फारशी हलत नाही. आम्ही तिला ब्रशच्या केसानं डिवचतो, तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं गोचीड चाळवतात. एवढं करूनही पाय हलले नाहीत तर तिला दिव्याखाली धरून ताणलेल्या कातडीतून आत बघायचं. आत पांढुरक्या बारीक नळ्या सरकताना दिसतात. या माल्पिघी नलिका. आपल्यात मूत्रपिंडं करतात ते काम तिच्यात या करतात. त्या थांबल्या, कातडी काळवंडली, कुठं रक्ताचे डाग उमटले, की मग वहीत 'मृत' असं लिहायचं.

कडुनिंब, करंज, सीताफळाच्या बिया यांचे अर्क घेऊन मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं हेच करत आले आहे, आणि या वहीतल्या 'मृत'च्या रकान्यावरचा माझा विश्वास हळूहळू उडत गेला आहे. भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, "किती मेले?" पशुपालक विचारतो, औषध विकणारा विचारतो, प्रबंधाच्या मौखिकीला आलेले परीक्षकही विचारतात. वनस्पतींच्या अर्कांचं बरंचसं काम मात्र या रकान्यात येतच नाही. ते गोचिडाच्या पोटात होतं आणि तिथं ते बघायला पोट फाडावं लागतं.

आमच्याकडे गाई-म्हशींवर प्रामुख्यानं दोन जातींचे गोचीड सापडतात. एक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. अळी, अर्भक आणि प्रौढ या तिन्ही अवस्था तो एकाच जनावरावर साधारण तीन आठवड्यांत उरकतो. दुसरा हायलोमा ॲनाटोलिकम, लांब पट्टेदार पायांचा, चपळ. थायलेरियाचे जंतू हाच पसरवतो. गावात त्या रोगाला सरळ गोचीडताप म्हणतात. मान-खांद्यापाशी गाठी सुजतात, ताप उतरत नाही, दूध आटतं. देवणी किंवा लाल कंधारी जनावर तो बऱ्याचदा निभावून नेतं. कर्ज काढून आणलेली संकरित गाय मात्र चार दिवसांत आडवी होते. गोचीड हा मराठवाड्यात नुसत्या किळसेचा विषय नाही, तो हप्त्यांचा विषय आहे.

गोचीड गोळा करायला पावसाळा बरा. छावणीचा जनावरांचा बाजार, शहरातले तबेले, दौलताबाद-खुलताबादकडच्या वस्त्या, कुठंही जावं. कासेच्या वर, मानेखालच्या पोळीत, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवला की ते लागतातच. ओढून काढायचे नसतात, सोंड आत तुटते. चिमट्यानं उलथं करून अलगद सोडवायचे, भोकं पाडलेल्या डबीत टाकायचे आणि सोबत ओलसर कापसाचा बोळा ठेवायचा. एका तबेलेवाल्या चाचांनी माझा हा सोपस्कार बघून विचारलं होतं, "मॅडम, लोगां इसकू मारने का पूछते, तुम पालरे क्या?" पाळतच होते. प्रयोगशाळेत त्यांना २८ अंश तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. आमच्या एप्रिल-मेच्या हवेत उघडी ठेवलेली अंडी सुरकुतून जातात. म्हणून काचेच्या बंद भांड्यात तळाशी पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवायचं, जाळीवर अंड्यांच्या नळ्या मांडायच्या आणि लाइट जाऊ नये अशी प्रार्थना करायची.

आता पोट फाडण्याविषयी. मेणाच्या थाळीत मादीला पोटावर पालथी ठेवून दोन बारीक टाचण्यांनी रोवायचं, वर मिठाचं सौम्य पाणी ओतायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडच्या टोकानं कडेकडेनं कातडी कापत जायची. पातं किंचित खोल गेलं की आतडं फुटतं, सगळी थाळी काळपट लाल होते आणि तो नमुना गेला. नीट कापली तर पाठीची कातडी झाकणासारखी उचलता येते. प्रथम दिसतं ते आतडंच. त्याच्या पचलेल्या रक्तानं काळ्या झालेल्या फाट्यांनी सगळी पोकळी भरलेली असते. त्यावरून चंदेरी श्वासनलिकांचं जाळं गेलेलं. जाळं चिमट्यानं तोडत, फाटे बाजूला सारत गेलं की पुढच्या भागात दोन्ही कडांना लाळग्रंथी सापडतात, द्राक्षाच्या घडासारख्या, दुधी रंगाच्या. माल्पिघी नलिका पांढऱ्याशुभ्र, कारण गोचीड आपला मैला ग्वानिनच्या स्फटिकांच्या रूपात बाहेर टाकतो. मागच्या बाजूला इंग्रजी 'यू' अक्षराच्या वळणाचं अंडाशय. आणि अगदी पुढं, टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका म्हणजे मेंदू. गोचिडाचा सगळा मज्जासंस्थेचा कारभार या एका गोळ्यात एकवटलेला असतो आणि अन्ननलिका चक्क त्याच्यातून आरपार जाते.

मग हे अवयव बुइनच्या पिवळ्या द्रावणात, तिथून चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये, झायलीनमध्ये, शेवटी मेणाच्या ठोकळ्यात. मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनचे काप, मग हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन हे रंग. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात रडू येतं ते इथं. साकळलेलं रक्त मेणात विटेसारखं घट्ट होतं आणि पात्याखाली भुगा पडतो. कातडीचा एखादा कण राहिला तरी काप फाटतो.

लाळग्रंथीपासून सांगते, कारण तिथं फसायला सर्वांत जास्त वाव आहे. गोचीड रक्त पितो तेव्हा त्यातलं जास्तीचं पाणी त्याला नको असतं. त्या पाण्यातला साधारण ७० टक्के भाग तो लाळेवाटे पुन्हा गाईच्याच अंगात सोडतो. थायलेरियाचे जंतू याच लाळेबरोबर आत जातात. म्हणजे लाळग्रंथी बिघडली तर रक्त आटवण्याचं कामही बिघडतं आणि रोग देण्याचंही. कडुनिंबाच्या अर्कात बुडवलेल्या माद्यांच्या ग्रंथींचे काप बघितले की पेशींमध्ये पोकळ्या पडलेल्या दिसतात, स्रावाचे कण विरळ झालेले, केंद्रकं आकसलेली. बघणाऱ्याला आनंद होतो. पण पोटभर प्यालेली मादी गळून पडली की तिच्या लाळग्रंथी चार-पाच दिवसांत आपोआपच झडायला लागतात, कारण आता त्यांचं कामच संपलेलं असतं. औषध न लागलेल्या मादीतही त्याच पोकळ्या आणि तीच आकसलेली केंद्रकं दिसतात. म्हणून लाळग्रंथी बघायच्या तर अर्धवट फुगलेल्या माद्या घ्याव्या लागतात. ब्राझीलमध्ये रिओ क्लारोच्या विद्यापीठात मारिया इझाबेल कामार्गो-माथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यावरच्या गोचिडांवर असंच काम केलं आहे. कडुनिंबाच्या अर्कानं अंडाशयात काय होतं, याचं त्यांनी केलेलं वर्णन आमच्या काचपट्ट्यांशी ताडून बघायला मला आजही उपयोगी पडतं. पूर्ण फुगलेल्या मादीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या लाळग्रंथीचा फोटो छापून कुणी 'वनस्पतीचा परिणाम' म्हणत असेल, तर मी आधी शेजारचा बिनऔषधाचा फोटो शोधते.

अंडाशय मात्र खोटं बोलत नाही, निदान इतक्या सहजी नाही. निरोगी मादी दोन ते चार हजार अंडी घालते आणि त्यात तिच्या शरीराचं निम्मं वजन जातं. गळून पडल्यानंतर तिचं उरलेलं सगळं आयुष्य या एका कामासाठी असतं. अंडाशयाच्या भिंतीला छोट्या देठांनी अंडपेशी लटकलेल्या असतात, लहान-मोठ्या, पाच टप्प्यांतल्या. पहिल्या टप्प्यातली स्वच्छ, मोठ्या केंद्रकाची. पुढं बलकाचे कण साठत जातात आणि शेवटच्या टप्प्यात बाहेर जाड कवच येतं. निंबोळीच्या अर्कानंतर काय दिसतं? पेशीच्या कडेनं रिकाम्या जागा पडतात. बलकाचे कण सारखे न पसरता एकीकडे गोळा होतात. कवच कुठं पातळ, कुठं दुमडलेलं. केंद्रकाची कड धूसर. अशा अंडपेशीतून काही निपजणार नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि हीच मादी बाहेरून बघाल तर जिवंत! माल्पिघी नलिका चालू, वाफ सोडली की पाय हलवते, वहीत तिच्यापुढं 'जिवंत'.

कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची व्यवस्था बिघडवतं, हे आता शेतकऱ्यांनाही पाठ आहे. गोचीड हा कीटक नाही, आठ पायांचा, कोळ्यांच्या गोतावळ्यातला. कीटकांमधलं ज्युव्हेनाइल हार्मोन गोचिडात सापडलेलंच नाही. अंड्यात बलक भरायचा हुकूम त्याच्यात एक्डिस्टेरॉइड हे कात टाकण्याचं संप्रेरकच देतं. त्यामुळे बोंडअळीवरचा खुलासा उचलून गोचिडाला चिकटवता येत नाही. शिवाय निंबोळी म्हणजे एकटं ॲझाडिरॅक्टिन नव्हे. त्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत बनवायला २२ वर्षं लागली. ते काम २००७ मध्ये पुरं झालं. आमच्याकडे तो पावसाळ्याच्या तोंडाला रस्त्यावर पडून पायाखाली चिरडला जातो.

जेनेच्या अवयवाबद्दल फार थोडे लोक बोलतात. डोक्याच्या मागून बाहेर येणारी ही पिशवीसारखी ग्रंथी आहे, इटलीच्या एका निसर्गअभ्यासकाचं नाव तिला मिळालं. मादी एकेक अंडं तिच्यावरून फिरवते आणि त्यावर मेणाचा पातळ थर चढतो. त्या थराशिवाय अंडं वाळतं. अर्क लागलेल्या काही माद्यांची अंडी चमकत नाहीत, एकमेकांना चिकटत नाहीत, नळीत वाळूसारखी सुटी पडतात आणि पिचकतात. अंडाशय शाबूत असेल तरी इथं काम फसतं.

आतड्याचं महत्त्व मला औषधांपेक्षा लसीनं समजावलं. गोचीड रक्त आतड्याच्या पोकळीत पचवत नाही. भिंतीतल्या पेशी ते गिळतात आणि आत सावकाश जिरवतात. ऑस्ट्रेलियात याच पेशींवरचं बीएम८६ हे प्रथिन शोधून त्यापासून गाईला टोचायची लस केली गेली. ती १९९४ मध्ये बाजारात आली, आणि क्यूबातही तशी लस झाली. गाईच्या रक्तातली प्रतिपिंडं गोचीड स्वतःच पितो, आतड्याच्या पेशी फुटतात आणि रक्त शरीराच्या पोकळीत झिरपतं. तिथंही गोचीड पटापट मरून पडत नाहीत. कमी फुगतात, कमी अंडी घालतात, कळपावरची संख्या पिढीमागून पिढी घटते. तिथं ते लस म्हणून मान्य झालं, आणि निंबोळीनं तेच केलं की लोक म्हणतात, गुण नाही.

मेंदूविषयी मी थोडक्यात आटपते, कारण तिथं वनस्पतींची किमया सर्वांना माहीत आहे. तंबाखूचं पाणी लावलं की गोचीड तडफडतात, पण निकोटीन गाईलाही सोडत नाही. चाटणाऱ्या वासराला तर नाहीच. पायरेथ्रम हे शेवंतीच्या कुळातल्या फुलांतून निघालेलं विष. त्याचीच कृत्रिम भावंडं म्हणजे डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन, आज प्रत्येक गोठ्यात बाटलीत असलेली. त्यांच्या प्रतापांना आता गोचीड सरावले आहेत. मात्रा वाढवून, रोज मारून, एकात दुसरं मिसळून आपणच त्यांना तयार केलं. 'वनस्पतीचं म्हणजे सौम्य' आणि 'रसायन म्हणजे जालीम' ही वाटणी मला म्हणूनच कधी पटली नाही. सगळीच रसायनं. प्रश्न फक्त कुठल्या अवयवाला, किती आणि कुणाच्या.

सीताफळाचं उदाहरण घ्या. दौलताबादच्या डोंगरातली सीताफळं शहरात टोपल्यांनी येतात, बिया लोक थुंकून देतात. त्या बियांतली ॲसिटोजेनिन्स पेशीच्या ऊर्जाकेंद्रालाच कुलूप लावतात. मायटोकाँड्रियातल्या साखळीची पहिली कडीच तुटते, म्हणून एका अवयवावर न थांबता ती सगळीकडे मारा करतात. गोचिडांवर आमच्याकडे सर्वांत झपाट्यानं चालतात त्या याच. पण हीच पूड उवांसाठी डोक्याला लावून पोरींच्या डोळ्यांत गेल्याचे आणि बुबुळाला जखम झाल्याचे प्रकार डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. प्रयोगशाळेत बिया दळताना मी चष्मा लावल्याशिवाय मिक्सरजवळ कुणाला उभं करत नाही.

सर्वांत जास्त वाद मी घातला असेल तो तुलनेच्या गटावरून. निंबोळीचं तेल लावलं आणि गोचीड मेले, म्हणजे कडुनिंबानं मारले का? गोचीड कडेच्या दोन छिद्रांतून श्वास घेतो. कुठलंही तेल ती छिद्रं बुजवतं. म्हणून तेलाशी तुलना तेलाचीच हवी. आम्ही करडईचं घेतो, मराठवाड्यात ते घरोघरी असतं. करडईनंही बरेच मरतात. निंबोळीनं त्यापेक्षा किती जास्त, आणि करडईतून वाचलेल्यांच्या अंडाशयात काहीच बिघाड नसताना निंबोळीतून वाचलेल्यांच्या अंडाशयात आहे का, हा खरा प्रश्न. अल्कोहोल, ट्वीन-८० यांनाही हेच लागू. नुसत्या द्रावकानं पेशी फुगतात.

एका 'शंभर टक्के हर्बल' औषधवाल्या कंपनीचे लोक एकदा आले होते. त्यांना पहिल्या चोवीस तासांतली मृत्युसंख्या हवी होती, अहवालाच्या पहिल्या पानावर, ठळक. मी त्यांना अंड्यांचं वजन आणि त्यातून फुटलेल्या अळ्यांचं प्रमाण दाखवलं. गोचिडांच्या शास्त्रात हा जुना हिशेब आहे. मादीच्या वजनाशी अंड्यांच्या वजनाचं गुणोत्तर काढायचं, ते अंडी फुटण्याच्या टक्केवारीनं गुणायचं, एका ग्रॅम अंड्यांमागे साधारण वीस हजार अळ्या धरायच्या. त्या आकड्यात त्यांचं औषध खरं तर उजवं ठरत होतं, पहिल्या दिवसाच्या आकड्यात मात्र डावं. त्यांनी दुसरीकडे तपासणी करून घेतली.

निंबोळीचा दुसरा त्रास म्हणजे ती दरवर्षी सारखी नसते. एका झाडाची आणि दुसऱ्याची नसते, पावसात भिजून बुरशी धरलेली तर अजिबात नसते. सावलीत वाळवलेली चांगली, उन्हात वाळवली की गुण उतरतो, कारण ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. विद्यापीठाच्या आवारात, सोनेरी महालाकडे जाणाऱ्या वाटेवर कडुनिंबाची झाडं आहेत. मी विद्यार्थ्यांना कागदावर झाड, तारीख, वाळवण्याची जागा लिहायला लावते. गेल्या वर्षीच्या पिशवीतल्या अर्काचे निष्कर्ष या वर्षीच्या पिशवीतल्या अर्काला लावायचे नाहीत. हा कंटाळवाणा नियम आहे. 'वनस्पतीनं एकदा गुण दिला, एकदा नाही' या तक्रारीतली निम्मी तरी उत्तरं त्या कागदावर सापडतात.

थाळीतून गोठ्यात गेलं की गणित पुन्हा बदलतं. दौलताबादच्या पुढं एका वस्तीवर ओळखीचे एक दादा आहेत, दोन संकरित गाई, एक म्हैस. निंबोळीचा अर्क संध्याकाळी मारा, उन्हात नको, एवढं मी सांगितलं होतं. आठवड्यानं गेले तर म्हणाले, "मॅडम, तुमचं औषध लई सावकाश हाय. गोचीड तर तसेच दिसतेत." खरंच दिसत होते. काही सोडवून आणले, नळ्यांत ठेवले. अंडी घातली त्यांनी, थोडी. फुटली त्याहून थोडी. हे मी दादांना फोनवर सांगितलं तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्या एकाही सेमिनारमध्ये मी ऐकलेला नाही: "मग हे गाईवर कशाला मारायचं? ती अंडी घालायला जिथं जाते तिथं मारू की."

बरोबर होतं. गळून पडलेली मादी गाईवर राहत नाही. भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखालच्या फटीत, फरशीच्या सांध्यात शिरते आणि तिथं तिचं अंडाशय पिकतं. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून ॲझाडिरॅक्टिनही जास्त टिकतं. तिथं गाय चाटत नाही. अर्काला हळू काम करायला जी सवड हवी ती तिथंच मिळते. आता विचारायला येणाऱ्यांना मी तेच सांगते: ताजी, सावलीत वाळलेली निंबोळी, अर्क त्याच दिवशी करा, भेगांमध्ये संध्याकाळी मारा, काही दिवसांनी पुन्हा मारा, आणि जमेल तशा भेगा लिंपून घ्या. गाईवरचे गोचीड डॉक्टरांना विचारून वेगळ्या औषधानं उतरवा, आणि तेच औषध वर्षभर वापरू नका. सीताफळाच्या बिया मुलांपासून लांब. ताप आला, गाठी सुजल्या, तर माझ्याकडे येऊ नका, तडक जनावरांच्या दवाखान्यात जा.

दादांच्या आईंना यातलं काही पटलेलं नाही. त्यांच्या मते गोठ्यात पाच-सहा गावरान कोंबड्या मोकळ्या सोडल्या की पुरे. कोंबड्या गळून पडलेले गोचीड टिपतात, बसलेल्या गाईच्या पायांवरूनही ओरबाडून खातात, हे मी स्वतः बघितलं आहे आणि आफ्रिकेत याचा नीट अभ्यासही झालेला आहे. यंदा त्या गोठ्याच्या अर्ध्या भेगांत आम्ही अर्क मारणार आहोत आणि अर्ध्या कोऱ्या ठेवणार आहोत. कोंबड्या मात्र अर्धा गोठा पाळायला तयार होतील असं काही दिसत नाही, तेव्हा त्यांना कोंडायचं कसं, यावर आजींशी बोलणी चालू आहेत.